मुले मोठी झाली, आता पुढे काय? स्वयंसेवेतून नोकरीकडे जाणारी वाट



मंडळाच्या बैठकीत स्वयंपाकाची वाटणी झाली, हॉलचे भाडे ठरले की चहाबरोबर गप्पा सुरू होतात. गेले काही महिने या गप्पांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा येतो आहे. धाकटा सेकंडरीत गेला, थोरली युनिव्हर्सिटीला गेली, घर दिवसभर रिकामे असते, आता मी काय करू? प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक जणी चाळिशी-पंचेचाळिशीतल्या. कुणी पुण्याची बी.कॉम., कुणी नाशिकची बी.एड., कुणी लग्नाआधी चार वर्षे सॉफ्टवेअर कंपनीत काम केलेली. नवऱ्याच्या नोकरीबरोबर कॉव्हेंट्रीला आल्या, मुले झाली, आणि बघता बघता बारा-पंधरा वर्षे निघून गेली.

आपल्या गावात अशी घरे पुष्कळ आहेत. २००८ साली टाटा मोटर्सने जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली. तेव्हापासून पिंपरी-चिंचवडहून व्हिटली आणि गेडनला येणाऱ्या इंजिनियर मंडळींची ये-जा वाढली. शिवाय वॉरिक युनिव्हर्सिटी आहे, वॉल्सग्रेव्हचे युनिव्हर्सिटी हॉस्पिटल आहे. यातल्या बऱ्याच घरांत कमावणारा एक आणि घर चालवणारी एक, अशी विभागणी आपोआपच झाली. कुणी कुणावर लादली असे नाही, पण पाळणाघराचे दर पाहिले की दुसरा काही हिशोब जमतही नव्हता.

या प्रश्नाला उत्तर म्हणून सध्या एक सल्ला सगळीकडून मिळतो: "अगं, आधी व्हॉलंटियरिंग कर, मग नोकरी मिळेल." हा सल्ला बरोबर आहे का? आमचे मत असे की अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

विषय आत्ताच का निघाला?

दोन कारणे आहेत. पहिले कारण आपण सगळ्यांनी अनुभवले. सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला जॅग्वार लँड रोव्हरवर सायबर हल्ला झाला आणि कारखान्यांमधले उत्पादन सुमारे पाच आठवडे बंद पडले. ऑक्टोबरमध्ये ते टप्प्याटप्प्याने सुरू झाले. त्याआधी जुलैमध्येच कंपनीने व्यवस्थापनातल्या ५०० पर्यंत जागा कमी करण्याचे जाहीर केले होते. सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कंपन्यांना तर फारच मोठा फटका बसला. त्या पाच आठवड्यांत आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत पहिल्यांदाच हे बोलले गेले, की एकच पगार आणि तोही एकाच उद्योगावर अवलंबून, हे काही खरे नाही.

दुसरे कारण व्हिसाचे. गृहमंत्री शबाना महमूद यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये लेबर पक्षाच्या अधिवेशनात सांगितले, की इथे कायमचे राहायचे असेल तर समाजाला काही परत देणेही त्यात धरले जाईल. मग २० नोव्हेंबर २०२५ रोजी सरकारने प्रस्ताव मांडला आणि १२ फेब्रुवारी २०२६ पर्यंत त्यावर लोकांची मते मागवली. त्या प्रस्तावात आयएलआरसाठी पाचाऐवजी दहा वर्षे हा पाया धरला होता. त्यातून काही गोष्टींसाठी वर्षे वजा होणार होती, आणि त्या यादीत स्वयंसेवेसाठी तीन ते पाच वर्षांची वजावट सुचवलेली होती.

हे वाचून अनेकींना वाटले, बरे झाले, फूडबँकेत जाऊ लागले की काम झाले! पण त्याच कागदात आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे नवऱ्याबरोबर डिपेंडंट म्हणून आलेल्या प्रौढ व्यक्तीचा विचार स्वतंत्रपणे होणार. दुसरी म्हणजे, किमान तीन ते पाच वर्षे वर्षाला १२,५७० पौंडांच्या वर कमाई असावी, अशी अट वेगळी सुचवलेली होती. स्वयंसेवेने वर्षे कमी होतील, पण कमाईची अट त्याने भरून निघत नाही. ज्या बाईने बारा वर्षे घर सांभाळले तिच्यासाठी खरी अडचण ही दुसरी अट आहे. ज्यांना आयएलआर किंवा नागरिकत्व आधीच मिळाले आहे त्यांना याची झळ नाही. बाकीच्यांनी आपल्या अर्जाच्या वेळी कोणता नियम लागू आहे हे सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपावर विसंबू नये.

१२,५७० पौंड म्हणजे किती काम? एप्रिल २०२६ पासून २१ वर्षांवरच्यांसाठी किमान वेतन तासाला १२ पौंड ७१ पेन्स ठरले आहे. त्या दराने वर्षभर आठवड्याला साधारण १९ ते २० तास होतात. ऐकायला सोपे वाटते. पण आपल्या बायकांना सोयीची वाटणारी शाळेतली नोकरी बहुधा शाळेच्या आठवड्यांपुरती आणि थोड्या सुट्टीपुरतीच पगारी असते. त्यामुळे आठवड्याला वीस तास करूनही वर्षअखेर आकडा कमी पडू शकतो. हे गणित आधी करावे, नंतर नव्हे.

अडते कुठे?

आपल्याकडे पदवी नाही म्हणून अडते, असा समज आहे. ते खरे नाही. भारतातल्या पदवीची इथल्या पातळीशी तुलना करून देणारे पत्र यूके एनिक या संस्थेकडून पैसे भरून मिळते. पूर्वी तिला नॅरिक म्हणत. अडते ते "रेफरन्स" या रकान्यापाशी. इथे कुठलाही मालक विचारतो, की तुम्हाला कामात पाहिलेले कोण आहे? एन.एच.एस.मध्ये तर साधारण मागच्या तीन वर्षांचा हिशोब मागतात. पंधरा वर्षांपूर्वीचे पुण्यातले साहेब निवृत्त झालेले असतात, आणि शेजारच्या वहिनी कितीही चांगल्या असल्या तरी त्यांचे पत्र फारसे चालत नाही.

स्वयंसेवेचा खरा उपयोग इथे आहे. सहा महिने नियमित काम केले की तुम्ही वेळेवर येता का, फोनवर नीट बोलता का, चिडलेल्या माणसाशी कसे वागता, हे पाहिलेला एक इथला माणूस तयार होतो. शिवाय इथल्या कामाच्या जागेची भाषा कळते. आपले इंग्रजी चांगले असते, पण "कुड यू पॉसिब्ली" म्हणजे "लगेच करा" हे पुस्तकातून कळत नाही!

या गावाला हे नवे नाही

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडले. दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यांतून फिरून लोकांना चहा आणि जेवण देणाऱ्यांत विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस या संघटनेच्या बायका होत्या. ही संघटना १९३८ साली लेडी रीडिंग यांनी सुरू केली होती. कॉव्हेंट्रीतल्या या कामाच्या प्रमुख पर्ल हाइड. याच पर्लबाई पुढे १९५७ साली शहराच्या पहिल्या महिला लॉर्ड मेयर झाल्या. ज्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसकडे आपण आज घरभाड्याच्या किंवा बिलाच्या तक्रारी घेऊन जातो, ती सेवाही महायुद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, स्वयंसेवकांच्या जोरावर सुरू झाली आणि आजही मोठ्या प्रमाणात त्यांच्यावरच चालते.

आणि आपल्यालाही हे नवे नाही. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. त्या स्वतः मोबदला न घेता राबल्या, तुरुंगातल्या बायकांना भेटायला जात राहिल्या. पण सेवासदनात येणाऱ्या बायकांना त्यांनी फुकट राबायला शिकवले नाही. शिक्षण अर्धवट राहिलेल्या बायका तिथून शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. हा फरक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. सेवा आणि शिक्षण हातात हात घालून चालले पाहिजे, आणि शेवटी कमाईपर्यंत पोचले पाहिजे.

कुठल्या वाटा आहेत?

शाळा: मुलांच्या प्रायमरी शाळेत वाचन ऐकायला जाणे ही सर्वांत सोपी सुरुवात. तिथून टीचिंग असिस्टंटचे काम मिळू शकते. त्यासाठी इंग्लंडमध्ये कायद्याने ठरवलेली एकच पदवी नाही, प्रत्येक शाळा आपल्या अटी ठरवते. गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्या भारतातल्या प्रशिक्षित शिक्षकांना फेब्रुवारी २०२३ पासून इथली शिक्षक-पात्रता मिळवण्यासाठी थेट अर्ज करण्याची सोय झाली. ज्यांच्याकडे बी.एड. आणि अनुभव आहे त्यांनी टीचिंग असिस्टंट होण्याआधी ही वाट तपासावी. स्वतःला विनाकारण एक पायरी खाली का ठेवायचे?

सल्ला-सेवा: सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये स्वयंसेवकांना रीतसर प्रशिक्षण मिळते. वेळ बराच द्यावा लागतो, पण भाडे, कर्ज, भत्ते, नोकरीचे हक्क या विषयांची माहिती होते. कौन्सिल, हाउसिंग असोसिएशन आणि वकिलांची कार्यालये या अनुभवाला किंमत देतात. एलएल.बी. किंवा बी.कॉम. झालेल्यांना हे काम मानवते.

हॉस्पिटल: वॉर्डात रुग्णांशी बोलणे, वाट दाखवणे, जेवणाच्या वेळी मदत. रिसेप्शन किंवा हेल्थकेअर असिस्टंटच्या नोकरीसाठी अर्ज करायचा तर हा अनुभव बोलतो. मराठी, हिंदी, गुजराती येत असेल तर आणखी उत्तम.

गव्हर्नर आणि मॅजिस्ट्रेट: शाळेच्या गव्हर्नरचे पद बिनपगारी, सहसा चार वर्षांचे. बजेट, भरती, तक्रारी हे सगळे पाहायला मिळते. मॅजिस्ट्रेटला कायद्याची पदवी लागत नाही. वर्षाला किमान १३ दिवस आणि पाच वर्षे काम करण्याची तयारी लागते, आणि ७४ व्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो. यातून थेट नोकरी मिळत नाही, पण सी.व्ही.वरचे ते एक वाक्य पुष्कळ काही सांगून जाते.

स्वयंसेवेने काय होत नाही?

आता न सांगितला जाणारा अर्धा भाग.

डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, फार्मासिस्ट यांना इथे नोंदणी लागते, तिच्या परीक्षा आणि अटी वेगळ्या आहेत. हॉस्पिटलात कितीही वर्षे स्वयंसेवा केली तरी ती नोंदणीच्या जागी चालत नाही. आमच्या माहितीतल्या एका ताईंनी या गैरसमजात दोन वर्षे घालवली. परीक्षेच्या अभ्यासासाठी ते दिवस मिळाले असते तर बरे झाले असते, असे त्या आज म्हणतात.

स्वयंसेवेचे तास सरकारच्या दृष्टीने नोकरी नव्हेत. सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये नऊ महिन्यांपुढच्या बाळांसाठी नोकरी करणाऱ्या आईबापांना आठवड्याला ३० तासांची पाळणाघराची सोय मिळू लागली, पण तिथे दोघांची कमाई मोजतात. म्हणजे बाळ लहान असताना स्वयंसेवा करायची तर त्याला सांभाळणार कोण, हा प्रश्न घरातच सोडवावा लागतो. व्हिसाच्या अटीही आड येऊ शकतात, त्या आधी पाहाव्यात.

पेन्शनचेही तसेच. सरकारी पेन्शनसाठी किमान १० वर्षांची आणि नव्या पूर्ण पेन्शनसाठी साधारण ३५ वर्षांची नॅशनल इन्शुरन्सची नोंद लागते. स्वयंसेवेने ती नोंद सहसा होत नाही. मात्र मूल १२ वर्षांचे होईपर्यंत चाइल्ड बेनिफिटचा अर्ज आईच्या नावाने केलेला असेल तर ती वर्षे धरली जातात. नवऱ्याचा पगार जास्त आहे म्हणून पैसे नको असतील तर पैसे न घेता नुसता अर्ज करता येतो. ज्यांच्या व्हिसावर सरकारी भत्त्यांना मनाई आहे त्यांना हे लागू नाही, पण आयएलआर मिळालेल्या कितीतरी घरांत हा फॉर्म भरलेलाच नसतो. आज रात्री जेवताना एवढे एक विचारून घ्या.

आणि शेवटचा धोका म्हणजे फुकटची सवय. १९९८ च्या किमान वेतन कायद्यात धर्मादाय संस्थांच्या स्वयंसेवकांना वगळले आहे, पण खाजगी दुकान किंवा कंपनी "अनुभव मिळेल" म्हणत ठरलेल्या वेळा लावून फुकट काम करून घेत असेल तर तो प्रकार वेगळा. आमच्यातल्या एक जण एका चॅरिटी शॉपच्या मागच्या खोलीत दोन वर्षे कपड्यांच्या पिशव्या सोडत बसल्या. पुढे गल्ल्यावर कधी बसवले नाही, शिकवले काही नाही. त्यांनी तक्रार केली नाही, कारण "आपण मदत करायला आलो ना" असे त्यांना वाटत होते. मदत जरूर करावी, पण नोकरीची तयारी म्हणून जात असाल तर ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. इथले लोक त्याला वाईट मानत नाहीत.

आमचा सल्ला

आधी नोकरी ठरवा, मग स्वयंसेवेची जागा शोधा. हव्या असलेल्या नोकरीच्या चार जाहिराती काढा आणि त्यात जे मागितले आहे तेच शिकायला मिळेल अशा जागी जा.

मुदत ठरवा. सहा महिने, फार तर वर्ष. त्यानंतरही राहावेसे वाटले तर आनंदाने राहा, पण ती सेवा म्हणून, नोकरीच्या आशेने नव्हे.

डीबीएस तपासणी लागत असेल तर स्वयंसेवकांकडून सरकार त्याची फी घेत नाही. परदेशात राहिला असाल तर काही ठिकाणी भारतातला पोलीस दाखलाही मागतात, तो मिळायला वेळ लागतो. बसचे भाडे मागायला लाजू नका, बहुतेक चांगल्या संस्था प्रत्यक्ष खर्च देतात.

पत्र वेळेवर घ्या. कॉव्हेंट्री २०२१ साली सिटी ऑफ कल्चर होती, तेव्हा कितीतरी लोकांनी सिटी होस्ट म्हणून काम केले. ते आयोजन करणारा ट्रस्ट फेब्रुवारी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. संस्था बंद पडली की दोन वर्षांनी पत्र कुणाकडे मागणार? काम चालू असतानाच, तुम्ही काय केले ते लिहिलेले पत्र हातात असावे.

आणि हे घरातल्या मंडळींसाठी. मंगळवारी तिची स्वयंसेवा असेल तर मंगळवार तिचा. "पगार थोडाच आहे, आज नाही गेलीस तर काय बिघडले?" हे वाक्य आपल्या घरांत फार सहज बोलले जाते. रेफरन्स देणारा माणूस नेमके हेच बघत असतो, की ही बाई दर मंगळवारी येते का. त्या दिवशीची पोळी-भाजी आणि शाळेची ने-आण दुसऱ्या कुणीतरी करायला हवी.

आणि आमची चूक

हे सगळे लिहिताना आमच्या लक्षात आले, की सर्वांत मोठी बिनपगारी सेवा आपल्या मंडळातच चालते. दीडशे माणसांचा स्वयंपाक वेळेत आणि ठरलेल्या पैशांत करणे, हॉलवाल्याशी घासाघीस, गणपतीच्या वर्गणीचा पैन् पै हिशोब, रविवारची मराठी शाळा, मुलांच्या सुरक्षिततेचे नियम. इंग्रजीत याला इव्हेंट मॅनेजमेंट, बजेटिंग आणि टीचिंग म्हणतात. ज्या बायका हे दहा-दहा वर्षे करत आल्या त्यांना आपण वर्षाअखेर एक पुष्पगुच्छ दिला आणि टाळ्या वाजवल्या. सी.व्ही.वर घालता येईल असे पत्र एकीलाही दिले नाही. त्यांनी मागितले नाही हे खरे, पण आपल्यालाही ते सुचले नाही.

म्हणून आम्ही ठरवले आहे, की यापुढे मंडळाच्या कामात सहा महिने किंवा अधिक जबाबदारी घेतलेल्या प्रत्येकीला, आणि अर्थात प्रत्येकालाही, केलेल्या कामाचे नेमके वर्णन असलेले सहीचे पत्र मिळेल. मागची पाच वर्षेही त्यात धरू. शिवाय मंडळातल्या ज्यांना इथल्या भरतीचा अनुभव आहे त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ सी.व्ही. पाहायला द्यावी, अशी विनंती करत आहोत. दोघांनी होकार दिला आहे, आणखी हवे आहेत.

सेवेची सक्ती करण्याच्या कल्पनेवर इथल्या अनेक धर्मादाय संस्थांनी आक्षेप घेतला. आम्हालाही ती पटत नाही. मनापासून केलेली सेवा आणि व्हिसासाठी भरलेले तास यांत फरक राहणारच. पण नियम काहीही होवोत, आपल्या बायकांचे काम कागदावर यायला कुठल्या मंत्र्याच्या परवानगीची गरज नव्हती. ते आपल्याच हातात होते.

तर मंडळी, तुमचा अनुभव आम्हाला जरूर कळवा. कुठे चांगले शिकायला मिळाले, कुठे वेळ फुकट गेला, दोन्ही लिहा. आणि ज्यांना पत्र हवे आहे त्यांनी पुढच्या बैठकीला येताना आपण केलेल्या कामांची यादी घेऊन यावे. संकोच करू नये. चहा आम्ही करू!

आपले,
संपादक मंडळ